कंट्रोलची बाई

पहिल्या गोलातलं दूध फाटलं नाही आणि दुसऱ्यातलं फाटलं.

मी काचेची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. गुढीपाडवा आठ दिवसांवर आला होता आणि सकाळी साडेनऊलाच पत्र्याखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. पट्टीवर दोन गोल, त्यात दोन थेंब. पहिल्यात पांढरं औषध गुळगुळीत फिरत होतं, दुसऱ्यात बारीक कण्या धरल्या होत्या. मी मनातल्या मनात स्वतःला एक शिवी हासडली. थेंब उलटे पडले असणार, दुसरं काय! पट्टी धुतली, पुसली, नवे थेंब घातले, घड्याळ लावून दोन मिनिटं हलवली. पुन्हा तेच.

"उपाध्येसाहेब," मी हाक मारली, "जरा इकडं येता? ही बाटली उलटं बोलायला लागलीय."

उपाध्येसाहेब आमचे प्रमुख. चष्मा कायम कपाळावर आणि शोध कायम चष्म्याचा. ते आले, वाकले, पट्टीला जवळजवळ नाक लावलं.

"पहिला गोल कंट्रोलचाच ना? म्हणजे तुमचा?"

"माझाच."

"आणि फाटला नाही?"

"दोनदा केलं. दोन्ही वेळा नाही फाटला."

ते माझ्याकडं न बघता बाटलीकडं बघायला लागले. मीही बाटलीकडंच बघत होते. या गोष्टीला पस्तीसेक वर्षं होऊन गेली, पण आम्ही दोघं शहाणी माणसं त्या एवढ्याशा बाटलीकडं कशी बघत उभी होतो, ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता हे दुधाचं काय प्रकरण ते सांगते. आमचा कारखाना जयसिंगपूरबाहेर, तंबाखूच्या जुन्या वखारीत. तीन खोल्या, एक शेड, आणि शेडमध्ये मोठमोठी पिंपं. पहिले तीन महिने चालू असलेल्या गरोदर बायकांची लघवी आम्ही गोळा करायचो. नाक मुरडू नका. गर्भ रुजला की बाईच्या अंगात एक संप्रेरक तयार होतं, एचसीजी म्हणतात त्याला. रुजलेला जीव टिकावा म्हणून ते झटत असतं आणि जास्तीचं लघवीतून बाहेर पडतं. आम्ही ते वेगळं काढायचो, वाळवायचो, आणि त्याची चिमूटभर पूड मुंबईला जायची. तिथं त्याची इंजेक्शनं व्हायची, ज्यांच्या अंगात बीज वेळेवर सुटत नाही अशा बायकांसाठी. मीसुद्धा मिरजेला जाऊन ती इंजेक्शनं तीन महिने घेतली होती. लग्नाला सात वर्षं झाली होती. पहिल्या महिन्यात मी दंडाला बर्फ लावताना गाणी म्हणायचे, तिसऱ्या महिन्यात नवऱ्याला, भूपालला, म्हटलं, बास झालं आता.

गंमत अशी की हे संप्रेरक सगळ्यात जास्त मिळतं ते पहिल्या तीन महिन्यांत, आणि नेमके तेच तीन महिने आमच्याकडं कुणाला काही सांगायचे नसतात. नजर लागते, टिकत नाही, सतरा कारणं. त्यामुळं आमचे लाल नंबर रंगवलेले प्लॅस्टिकचे कॅन पुढच्या दाराला कधीच नसायचे. परसात, न्हाणीच्या मागं, गोणपाटाखाली. दस्तगीरमामा आपली तीनचाकी सायकलगाडी घेऊन सकाळी गल्ल्या फिरायचे. भरलेला कॅन उचलायचा, रिकामा ठेवायचा, घंटी नाही, हाक नाही. गावात कुणाला दिवस गेलेत हे नवऱ्याच्या खालोखाल दस्तगीरमामांना कळायचं. पण त्यांच्या तोंडून कधी एक अक्षर फुटलं नाही. बायकासुद्धा त्यांना रस्त्यात ओळख दाखवायच्या नाहीत.

प्रत्येक कॅन आठवड्यातून एकदा तपासायचं काम माझं. लघवीचा थेंब, त्यावर औषधाचे दोन थेंब. बाईला दिवस असतील तर औषध दुधासारखं गुळगुळीत राहतं, नसतील तर फाटतं. आणि औषध धड आहे की नाही हे कळायला पहिल्या गोलात रोज अशा बाईचा थेंब घालायचा जिला दिवस नाहीत हे नक्की. ही कंट्रोलची बाई. सुरुवातीला पॅकिंगमधली अंजना होती. चार महिन्यांत तिच्याच परसात कॅन गेला. मग झाडलोट करणारी हौसाक्का, तिलाही सहा महिन्यांत पाचवं राहिलं. मग उपाध्येसाहेब एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "मगदूमबाईंचंच घेत जाऊ. त्यांचं बदलायची भीती नाही."

वाईट मनात ठेवून नव्हते बोलले. मी हसले, आणि मग संडासात जाऊन रडले. पुढं सवय झाली. दोन वर्षं रोज सकाळी पहिला गोल माझा, आणि तो रोज फाटायचा.

"बाटली गेली," उपाध्येसाहेबांनी निकाल दिला. "फाटायचं ते फाटत नाही आणि फाटू नये ते फाटतंय. सगळंच उलटं. अख्खी पेटी मुंबईला परत पाठवून देऊ सोमवारी. नवी येईपर्यंत तपासणी बंद."

"पण साहेब, हा दुसरा गोल तेवीस नंबरचा..."

"असू दे ना. कंट्रोल चुकला की पुढचं सगळं रद्द. नियम आहे."

नियम होताच, आणि बरोबरही होता. त्यांनी वहीत लाल पेनानं आडवी रेघ मारली. मी बाटल्या पेटीत भरून वरून सुतळी बांधली. मला एका क्षणापुरतंसुद्धा दुसरं काही वाटलं नाही. माझी पाळी लहरी, दोन-दोन महिने तोंड दाखवायची नाही. पूर्वी इतक्या वेळा फसले होते की तारखा मोजायचंच सोडून दिलं होतं.

तेवीस नंबर म्हणजे आठव्या गल्लीतली त्रिशला चौगुले. बावीस वर्षांची, हडकुळी, हसताना पदर तोंडावर धरणारी. नवरा टेंपो चालवायचा. आदल्या वर्षी तिचं दोन महिन्यांत गेलं होतं. त्या वेळी तिनं सासूला लगेच सांगितलं होतं आणि सासूनं गल्लीला. गेल्यावर सासू म्हणाली, तोंड आवरलं नाहीस म्हणून गेलं. त्यामुळं या खेपेला नवरा, दस्तगीरमामा आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होतं. अडीच महिने होत आले होते. अजून पंधरा दिवस, की मग ती सांगणार होती.

शनिवारी दुपारी दस्तगीरमामा गाडी लावून आले आणि पिंपाकडं बघत म्हणाले, "बाई, तेवीसवाली बोलावतीय. घरात म्हातारी न्हाई आत्ता, बाजाराला गेलीय म्हणाली."

मी गेले. ती परसातल्या दगडावर बसून भांडी घासत होती. मला बघून हात धुतले आणि उभी राहिली.

"काय गं, काय झालं?"

"बाई, मळमळ थांबलीय."

"कधीपासून?"

"चार-पाच दिस झालं. आधी भाताचा वास आला तरी वकारी यायची. आता काय बी न्हाई. अंग हलकं वाटालंय. बरं हाय न्हवं हे?"

"काहींची थांबते लवकर," मी म्हटलं.

"ह्यांचा टेंपो आज मिरजेवरनं हुबळीला चाललाय. जाता जाता डॉक्टरीणबाईंच्याकडं सोडतो म्हणत्यात. येताना येस्टीनं येईन. जाऊ का? तुमच्या तिथं तपासतासा न्हवं दर आठवड्याला? माझ्यात काय दिसलं?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. किंवा जा म्हणायला हवं होतं. पण तिचा चेहरा इतका ओढलेला होता, आणि मला तिला हसवायचं होतं. शिवाय माझ्याकडं हसण्यासारखी गोष्टही होती.

"अगं, आमचं औषधच खराब झालंय. काल काय दाखवलं माहितेय? तुझ्यात नाही म्हणालं."

तिचा चेहरा पांढरा पडला.

"थांब, पुढं ऐक. तुझ्यात नाही, आणि माझ्यात आहे म्हणालं! रोज पहिला थेंब माझा असतो. सात वर्षं झाली माझ्या लग्नाला, आणि हे औषध मला सांगतंय, बाई, तुम्हाला दिवस आहेत!"

ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तिनं पदर तोंडावर घेतला. मी हसायला लागले, ती हसायला लागली. एकमेकींकडं बघून इतक्या हसलो की ती दगडावर बसली आणि मी न्हाणीच्या भिंतीला टेकले. स्वतःच्या वांझपणावर इतकं मोकळं मी त्याआधी कधी हसले नव्हते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"आई गं," ती डोळे पुसत म्हणाली, "तुमच्यात आन् दिवस! मग न्हाई जात मी मिरजेला. आत्याबाईंना काय सांगायचं तरी, कुठं निघालीस म्हणून?"

"बघ तुझं तू," मी म्हटलं.

जाऊ नको असं मी म्हटलं नाही. हे वाक्य नंतर मी स्वतःला किती वेळा ऐकवलं, त्याला गणती नाही. त्याचा कधी काही उपयोग झाला नाही.

रविवारी सकाळपासून मला कशातच चैन पडेना. भाजी चिरायला घेतली, अर्धी टाकून उठले. केस विंचरायला बसले, वेणी न घालताच उठले. सासूबाई, त्यांना आम्ही आक्का म्हणायचो, दोनदा म्हणाल्या, "काय गं, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" दुपारी जेवताना भूपालनं ताक वाढून घेतलं आणि त्यातल्या कण्यांकडं बघून मी घास हातात तसाच धरून बसले.

खराब औषध म्हणजे काय होतं? माझं मीच विचारलं. औषध मेलं तर काहीच फाटणार नाही. नासलं तर सगळंच फाटेल. एकाच बाटलीतलं, एकाच मिनिटाला पडलेलं औषध एका गोलात फाटतं आणि शेजारच्या गोलात फाटत नाही, तेही दोनदा? असं खराब औषध नसतं. असं चांगलंच औषध असतं. ते उलटं बोलत नव्हतंच. आम्हाला हवं तसं बोललं नाही म्हणून आम्ही त्याला उलटं म्हणत होतो.

"कुठं निघालीस?" भूपालनं विचारलं.

"कारखान्यात. बाटलीचं झाकण उघडं राहिलंय."

रविवारी कारखाना बंद. किल्ली दस्तगीरमामांकडं, आणि ते शेजारच्याच खोलीत राहायचे. ते नुकते नमाज पढून उठले होते. माझा अवतार बघून काही न विचारता कुलूप काढलं. मी पेटीची सुतळी दातानं तोडली, तीच बाटली काढली, पट्टी धुतली. आणि मग लक्षात आलं की आता कंट्रोलला कोण? ज्याला दिवस असूच शकत नाहीत असं माणूस पाहिजे.

"मामा," मी काचेचा छोटा ग्लास पुढं केला, "जरा लघवी आणून द्या."

"कुणाची?"

"तुमची."

मामांनी ग्लासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "माझी? या वयात? बाई, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"मामा, पाया पडते तुमच्या. विचारू नका."

ते "या अल्ला" म्हणत ग्लास घेऊन भिंतीमागं गेले.

पहिल्या गोलात मामा, दुसऱ्यात मी. तेवीस नंबरचा शुक्रवारचा नमुना शीतकपाटात होता, तो तिसऱ्या गोलात. दोन मिनिटं मी पट्टी हलवत राहिले आणि मामा माझ्या हाताकडं बघत उभे राहिले.

मामांचं फाटलं, स्वच्छ कण्या कण्या झाल्या. बाटली ठणठणीत होती.

माझं फाटलं नाही.

मला बसायला काही सापडेना. मी पिंपाला धरून उभी राहिले आणि दुधासारखा तो गोल बघत राहिले. सात वर्षं. मिरजेच्या खेपा, दंडाचे ते निळे डाग, बारशाच्या घरी मला पाळण्याजवळ येऊ न देणाऱ्या बायका. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. मी हसतही असेन, कारण मामासुद्धा काही न समजता हसायला लागले. असं आम्ही किती वेळ होतो कोण जाणे. अर्धं मिनिट असेल.

मग माझी नजर तिसऱ्या गोलावर गेली. तो फाटला होता.

"मामा, गाडी काढा," मी म्हटलं. "रिकामी गाडी. आठव्या गल्लीला जायचंय."

त्रिशलाची सासू पुढच्या पडवीत गहू निवडत बसली होती. भरल्या अंगाची, ठणठणीत म्हातारी. मला कंपनीतली बाई म्हणून ती ओळखत नव्हती, मगदुमांची सून म्हणून ओळखत होती.

"या की. त्रिशलाकडं आलासा? पडलीय आत. पाळीचं दुखतंय म्हणाली. सकाळधरनं उठली न्हाई, सोंगं बघा एकेक."

मी आत गेले. खोलीत अंधार होता आणि ती भिंतीकडं तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडली होती. खाली जुनं लुगडं चौपदरी घातलेलं, आणि ते भिजून जमिनीला चिकटलं होतं. मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं आणि हातपाय गार.

"बाई," ती म्हणाली, "आत्याबाईंना सांगू नगा. थांबल आता. मागच्या टायमालाबी सांगितलं म्हणून..."

"थांबणार नाही हे, त्रिशला."

"पंधराच दिस राहिलंत बाई. सांगू नगा."

मी बाहेर आले. म्हातारीनं सुपातून मान वर केली. एक क्षण, एकच, मला वाटलं की काहीतरी दुसरं सांगावं, ताप आहे म्हणावं, घेऊन जावं. पण दवाखान्यात न्यायला घरचं माणूस लागणार होतं, आणि घरच्या माणसानं हातपाय हलवायला खरं कारण लागणार होतं.

"पाळी नाही ही," मी म्हटलं. "तिला दिवस होते. अडीच महिने. ते गेलंय, आणि आता ती जाईल. उठा."

म्हातारीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला वाटलं आता तोंड सुटणार. पण ती उठली ती थेट आत गेली, आणि आतून तिचा जो आवाज आला तो मी कधी विसरणार नाही. "अगं माझ्या लेकरा, मला का गं सांगितलं न्हाईस," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आम्ही तिघांनी तिला उचलून दस्तगीरमामांच्या गाडीत घातलं. ज्या पत्र्याच्या चौकटीत रोज कॅन रांगेनं बसायचे, तिथं गोधडी टाकली. मामा पायडल मारत होते, मी मागून ढकलत होते, म्हातारी अनवाणी बाजूनं पळत होती. भर दुपारी गल्लीतली दारं उघडली. परसदारचा तो माणूस आणि पुढच्या दाराची ती सून, दोघं सगळ्या गावासमोर एका गाडीवर होती. नाक्यावर वडापची जीप मिळाली. त्या चालकानं बाकीची माणसं उतरवून दिली, एका शब्दानं कुरकुरला नाही.

मिरजेत तिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या आणि गर्भपिशवी साफ केली. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या तेव्हा सात वाजले होते.

"वाचली," त्या म्हणाल्या. "आतला जीव आठ-दहा दिवसांपूर्वीच थांबला होता. तो काही कुणाच्या हातात नव्हता. पण काल आणली असती तर सरळ दहा मिनिटांचं काम होतं. एवढं रक्त जायचं काही कारण नव्हतं."

म्हातारी माझे दोन्ही हात धरून रडली. "तुमी आला म्हणून पोरगी हाताला लागली माझ्या," म्हणाली. मी हात सोडवून घेतले नाहीत. सोडवून घ्यायला काहीतरी बोलावं लागलं असतं.

मंगळवारी मी तिला बघायला गेले. पिशवीत मोसंबी घेतली होती आणि सगळ्या वाटेनं एक वाक्य जुळवत होते. ते अनेक तऱ्हांनी जुळवलं. खाटेवर ती कागदासारखी पांढरी पडून होती. सासू तिचे पाय चेपत बसली होती.

"बाई," तिनंच सुरुवात केली, "तुमी कशाला जिवाला लावून घेतलासा? तोंड बघा कसं झालंय. औषधच खराब निघालं, त्याला तुमी काय करणार?"

मी तोंड उघडलं. औषध चांगलं होतं, असं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचंही म्हणावं लागणार होतं. तिची कूस रिकामी झालेली, आणि तिच्या खाटेशी उभं राहून माझी भरलीय म्हणून सांगायचं? आणि हे सगळं दयेपोटी होतं असंही नाही. मी घाबरले होते. सात वर्षांनी हाताला लागलेलं, जेमतेम दीड महिन्याचं. सासू ऐकत होती, शेजारच्या खाटा ऐकत होत्या. बी.एस्सी. झालेली बाई मी, संप्रेरकाचे थेंब मोजून पोट भरणारी, आणि मला नजरेची भीती वाटली. अगदी खरीखुरी, पोटातून वाटली.

"हो," मी म्हटलं. "औषधच खराब निघालं."

"मग ते बदला बाई लौकर. दुसरीला असं व्हायला नगं."

मी मोसंबी सोलून दिली. तिनं दोन फोडी खाल्ल्या.

पेटी मी परत जाऊ दिली. थांबवायची तर साहेबांना कारण द्यावं लागलं असतं. महिन्याभरानं मुंबईहून चिठ्ठी आली की तुमच्या औषधात काहीही दोष आढळला नाही. उपाध्येसाहेबांनी ती वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि "मुंबईवाले चूक कबूल करतील तर ना!" म्हणाले. नव्या बाटल्यांच्या कंट्रोलला दोन महिने पहिल्या गोलात दस्तगीरमामा होते; पुरुषाचं असलं की बदलायची भीतीच नाही, असं मी साहेबांना सांगितलं होतं. रोज सकाळी ते मुकाट्यानं ग्लास खिडकीत ठेवून जायचे. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि माझ्या परसात कॅन ठेवायला ते कधी आले नाहीत. तेवढं त्यांना कळत होतं.

तीन महिने पुरे झाले तेव्हा मी सांगितलं. आक्कांनी देवळात जाऊन साखर वाटली. उपाध्येसाहेबांचे ओठ काहीतरी मोजल्यासारखे हलले, आणि मग ते आपल्या खोलीत गेले. त्यांना पेटी आठवली असावी. त्यांनी तो विषय शेवटपर्यंत काढला नाही.

श्रावणात माझं डोहाळजेवण झालं. आक्कांनी हौसेनं अर्धं गाव बोलावलं होतं. मला हिरवी साडी नेसवून, फुलांच्या वाड्या घालून पाटावर बसवलं होतं. बायका एकेक करून ओटी भरत होत्या, उखाण्यांचा आग्रह चालला होता, पोरींचा गलका होता. आणि त्या रांगेत त्रिशला होती. अंगावर थोडं मांस आलं होतं. हातात खण-नारळ होता. तिची वेळ आल्यावर ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, हळदीकुंकू लावलं.

"सातवा न्हवं?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं मान खाली घातली. आधी मला वाटलं ती तांदूळ घेतेय. मग दिसलं की तिचा अंगठा डाव्या हाताच्या पेरांवरून मागं मागं सरकतोय. आषाढ, ज्येष्ठ, वैशाख, चैत्र. फाल्गुनावर येऊन अंगठा थांबला. तिच्या परसातला तो दगड आणि आमचं ते हसणं माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि तिच्याही आलं असणार.

"औषध खरं बोलत हुतं तर," ती म्हणाली. आवाज अगदी हळू, माझ्यापुरता.

मला खोटं बोलता आलं नाही. "हो."

"तुमाला कवा कळलं?"

"रविवारी. तुझ्याकडं यायच्या अर्धा तास आधी."

"म्हंजे दवाखान्यात आलासा तवा ठाव हुतं."

"हो."

तिनं खण-नारळ माझ्या ओटीत ठेवला. मग तांदळाची ओंजळ. मागच्या बाईनं "आवरा की गं" म्हटलं.

"तीन महिनं सांगायचं नसतंय, ते मला बी कळतंय," ती म्हणाली. तिनं माझ्या पदराचं टोक घेतलं आणि नीट कमरेला खोचून दिलं. "पर बाई, माझं सांगितलासा. तुमचं तेवढं ठेवलासा."

पलीकडं कुणीतरी डोहाळ्याचं गाणं म्हणायला घेतलं. आक्का मला हाका मारत होत्या, देवाला नमस्कार कर म्हणून. ओटी जड झाली होती, पाटावरून उठता येईना. मी इकडंतिकडं बघितलं. त्रिशला अजून तिथंच होती, तिनं हात पुढं केला आणि मला धरून उभं केलं.